जंतूंना औषधाची ‘सवय’ होते का?

“तेच तेच औषध दिल्याने जंतूंना त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही.” हे वाक्य आपण घरी ऐकतो, दवाखान्यात ऐकतो आणि वर्गात फळ्यासमोर उभे राहून सांगतोही. ते अगदी सरळ वाटते. माणसाला तिखटाची सवय होते, थंडीची सवय होते, तशी जंतूंना औषधाची. पण या साध्या वाक्यात एक मोठा दावा दडलेला आहे. औषधाशी गाठ पडल्यामुळे जंतूत बदल घडतो आणि तो बदल त्याच्या पुढच्या पिढ्यांत उतरतो, असा तो दावा. म्हणजे औषध हे जणू जंतूचे शिक्षकच ठरते.

हा दावा खरा आहे का, याचा निवाडा १९४३ ते १९५२ या काळात झाला. तो एखाद्या मोठ्या यंत्राने केला नाही. काही परीक्षानळ्या, थोडे गणित आणि मखमलीचा एक तुकडा एवढ्या सामग्रीवर तो झाला. त्या निवाड्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. क्षयाच्या रुग्णाला एकाच वेळी अनेक औषधे का देतात, याचे उत्तर याच इतिहासात आहे.

नितळ झालेली नळी पुन्हा गढूळ का होते?

आपल्या गोष्टीची सुरुवात औषधापासून होत नाही, विषाणूपासून होते. १९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल यांना स्वतंत्रपणे असे आढळले, की जीवाणूंनाही रोग होतो. अतिशय बारीक गाळणीतूनही पार होणारे ‘काहीतरी’ जीवाणूंना फोडून टाकते आणि स्वतः वाढत जाते. देरेल यांनी त्याला ‘बॅक्टेरिओफाज’, म्हणजे जीवाणूंचा भक्षक, असे नाव दिले. त्याही आधी, १८९६ साली, आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात अशी नोंद केली होती. त्यामागे हे फाजच असावेत, असा तर्क पुढे अनेकांनी केला.

फाज हा विषाणू आहे. त्याला स्वतःला वाढता येत नाही. तो जीवाणूच्या कवचाला चिकटतो, आपला आनुवंशिक ऐवज आत सोडतो आणि जीवाणूचाच कारखाना वापरून आपल्या प्रती काढून घेतो. साधारण अर्ध्या तासात जीवाणू फुटतो आणि शंभराच्या आसपास नवे फाज बाहेर पडतात. ही वाढ अशी टप्प्याटप्प्याने होते, हे एमोरी एलिस आणि माक्स डेलब्र्युक यांनी १९३९ साली कॅलिफोर्नियात मोजून दाखवले.

आता एक साधा प्रयोग पाहू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू रश्श्यासारख्या पोषक द्रवात वाढवला, की नळी गढूळ दिसते. तीत भरपूर फाज टाकले, की काही तासांत द्रव नितळ होतो. जीवाणू फुटून गेलेले असतात. पण नळी तशीच ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गढूळ झालेली असते. आता तीत वाढलेले जीवाणू त्या फाजला दाद देत नाहीत. त्यांची मुले, नातवंडे, पतवंडेही दाद देत नाहीत.

हे वाचलेले जीवाणू आले कोठून? दोन उत्तरे शक्य होती. पहिले उत्तर असे: फाजशी गाठ पडल्यावर कोट्यवधींतल्या काही थोड्या जीवाणूंनी स्वतःत बदल घडवला आणि ते तगले. दुसरे उत्तर असे: फाज येण्यापूर्वीच, वाढता वाढता, योगायोगाने काही जीवाणूंत बदल झालेला होता. फाजने बाकीच्यांना मारले आणि हे उरले.

अडचण अशी, की फाज टाकल्याशिवाय कोण दाद देत नाही हे कळत नाही, आणि फाज टाकला की दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात. परीक्षेत काही मुलांनी अवघड प्रश्न सोडवला, तर ते उत्तर त्यांना आधीच येत होते की परीक्षेत बसल्या बसल्या सुचले, हे नुसत्या उत्तरपत्रिकेवरून कसे ओळखणार? तसाच हा पेच होता.

जीवाणूंना जनुके असतात का?

आज हा प्रश्न विचित्र वाटेल. पण १९४० च्या सुमारास तो खराच प्रश्न होता. मेंडेलचा वाटाणा, मॉर्गनची फळमाशी यांच्यावरून जनुकांचे शास्त्र उभे राहिले होते. त्यात संकर करायचा, संततीतील गुण मोजायचे, गुणोत्तर काढायचे अशी रीत होती. जीवाणू नुसते मधोमध दुभंगतात. त्यांच्यात नर नाही, मादी नाही, संकर नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रेही दिसत नाहीत. मग जनुके आहेत असे म्हणायचे तरी कशावरून? ज्युलियन हक्स्ली यांनी १९४२ साली उत्क्रांतीवर जो गाजलेला ग्रंथ लिहिला, त्यात नेहमीच्या अर्थाची जनुके जीवाणूंना नसावीत असेच मत मांडले होते.

ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ सिरिल हिन्शेलवुड यांचे म्हणणे आणखी वेगळे होते. जीवाणू म्हणजे रासायनिक अभिक्रियांचा तोल. औषध आले की तोल थोडा ढळतो आणि पेशी नव्या तोलावर स्थिरावते. ही ‘सवय’च झाली. हिन्शेलवुड हे साधेसुधे टीकाकार नव्हते. अभिक्रियांच्या वेगावरील कामासाठी त्यांना पुढे १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. उपार्जित गुण वारशाने मिळतात, हा लामार्कचा विचार प्राणी आणि वनस्पतींच्या शास्त्रातून जवळजवळ हद्दपार झाला होता. जीवाणूंच्या शास्त्रात मात्र त्याचे ठाणे अजून शाबूत होते.

दोन परके शास्त्रज्ञ

साल्व्हादोर लुरिया मूळचे इटलीतील तुरिनचे. शिक्षण वैद्यकाचे. ज्यू असल्यामुळे मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनंतर, १९३८ साली, त्यांनी इटली सोडली. ते पॅरिसला गेले, आणि जर्मन सैन्य पॅरिसच्या दाराशी आल्यावर तेथूनही निसटून १९४० साली अमेरिकेत पोचले. माक्स डेलब्र्युक बर्लिनचे. ते पदार्थवैज्ञानिक होते. जीवशास्त्राच्या ओढीने १९३७ साली अमेरिकेत आले आणि नाझी राजवटीमुळे परत गेले नाहीत. १९४० च्या डिसेंबरात फिलाडेल्फिया येथे दोघांची भेट झाली. आनुवंशिकता समजून घ्यायची, तर सर्वांत साधी आणि झपाट्याने वाढणारी वस्तू निवडावी, आणि ती म्हणजे फाज, यावर दोघांचे एकमत झाले.

अमेरिका युद्धात उतरल्यावर हे दोघे शत्रुराष्ट्रांचे नागरिक ठरले. युद्धविषयक संशोधनात त्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे इतर वैज्ञानिक युद्धाच्या कामात गुंतलेले असताना यांना फाजवर विचार करायला सवड मिळाली.

१९४३ च्या आरंभी लुरिया ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात नुकतेच रुजू झाले होते. गढूळ नळीचा पेच त्यांच्या डोक्यात घोळत होता. एका संध्याकाळी प्राध्यापकांच्या नृत्यसमारंभात त्यांचे एक सहकारी नाणे टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्राशी झटत होते. नाण्यामागून नाणे जात होते आणि हाती काही येत नव्हते. लुरिया त्यांची थट्टा करत असतानाच यंत्राने एकदम नाण्यांचा ढीग बाहेर टाकला. बहुतेक वेळा काहीच नाही आणि क्वचित एकदा भरमसाट, ही देण्याची तऱ्हा पाहून लुरियांच्या मनात विचार चमकला. हा प्रसंग त्यांनीच पुढे आत्मचरित्रात सांगितला आहे.

प्रश्न सरासरीचा नाही, चढउताराचा आहे

तो विचार असा. एकाच मोठ्या नळीऐवजी अनेक लहान नळ्या घ्यायच्या. प्रत्येकीत अगदी मोजके जीवाणू सोडून त्यांना स्वतंत्रपणे वाढू द्यायचे. मग प्रत्येक नळीतील जीवाणू फाज माखलेल्या बशीवर पसरायचे आणि किती वसाहती उगवतात ते मोजायचे. एक वसाहत म्हणजे वाचलेला एक जीवाणू.

समजा, पहिले उत्तर खरे आहे, म्हणजे फाजची गाठ पडल्यावरच बदल होतो. तर प्रत्येक बशीवर जवळजवळ सारखेच कोट्यवधी जीवाणू आहेत आणि प्रत्येकाला तगण्याची सारखीच अत्यल्प संधी आहे. मग बशांवरील वसाहतींच्या संख्येत थोडाफार फरक पडेल, पण फार नाही.

समजा, दुसरे उत्तर खरे आहे, म्हणजे बदल वाढीच्या काळातच केव्हातरी होतो. मग तो केव्हा झाला याला महत्त्व येते. दर वीस मिनिटांनी दुप्पट होणाऱ्या एका जीवाणूच्या नऊ तासांत २७ पिढ्या होतात आणि संख्या १३ कोटींवर जाते. या वंशवृक्षात बदल अगदी शेवटच्या पिढीत झाला, तर एकच जीवाणू प्रतिकारक निघेल. तोच त्याच्या पाच पिढ्या आधी झाला, तर शेवटी ३२ निघतील. सात पिढ्या आधी झाला, तर १२८. बहुतेक नळ्यांत बदल झालेलाच नसेल, तेथे शून्य. म्हणजे जुगाराच्या यंत्रासारखेच: पुष्कळ शून्ये, काही लहान आकडे आणि क्वचित एखादा घसघशीत.

दोन्ही उत्तरांत सरासरी सारखी असू शकते. फरक दिसतो तो चढउतारात. हे ओळखणे हीच लुरियांची खरी कामगिरी. त्यांनी डेलब्र्युकना पत्र लिहिले, थोड्याच दिवसांत डेलब्र्युकनी गणित बसवून पाठवले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोघांचा निबंध ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आकडे काय म्हणाले?

त्या निबंधातील आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत असे आहेत. प्रथम पडताळणी म्हणून एकाच मोठ्या नळीतून दहा नमुने काढून दहा बशांवर पसरले. वसाहती निघाल्या त्या अशा:

१४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३.

सरासरी १६.७. प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, काढली तर तीही सुमारे १६ येते. निव्वळ नमुना घेण्यातील योगायोगाने एवढाच चढउतार व्हायला हवा.

दुसऱ्या एका प्रयोगात वीस लहान नळ्या स्वतंत्रपणे वाढवल्या. त्यांचे आकडे असे:

१, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५.

सरासरी साधारण ११. पण वीसपैकी अकरा नळ्यांत शून्य आणि एका नळीत १०७! प्रचरण सुमारे ७००, म्हणजे सरासरीच्या साठपट. फाजच जर जीवाणूंना शिकवत असता, तर एका नळीतील १०७ शिकावेत आणि शेजारच्या अकरा नळ्यांतील कोट्यवधींतून एकही शिकू नये, असे का व्हावे? सरळ अर्थ हा, की त्या नळीत फाज येण्याच्या कितीतरी आधी एका पूर्वजात बदल झाला होता आणि ते १०७ त्याचेच वंशज होते.

जीवाणूंत उत्परिवर्तने होतात, ती गरज पाहून होत नाहीत आणि ती वारशाने उतरतात, असे एकाच वेळी यातून निघाले. शिवाय शून्य आलेल्या नळ्यांच्या प्रमाणावरून आणि सरासरीवरून उत्परिवर्तनाचा वेगही अजमावता आला. तो कोट्यवधी विभाजनांतून एखादे, असा होता. संकर न करता जीवाणूंचे जनुकशास्त्र सुरू झाले ते येथून.

१९४५ साली मिलिस्लाव्ह डेमेरेक यांनी हीच पद्धत पेनिसिलीन आणि पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूला लावली. तेथेही तोच चढउतार दिसला. फाजच्या बाबतीत जे खरे, ते औषधाच्या बाबतीतही खरे ठरले.

मखमलीचा ठसा

तरी सगळ्यांचे समाधान झाले नाही. पुरावा गणिती होता आणि त्या काळच्या पुष्कळ जीवाणूशास्त्रज्ञांना तो पचायला जड होता. हिन्शेलवुड आणि त्यांचे सहकारी आपल्या मतावर ठाम राहिले. आकडेमोड न करता डोळ्यांना दिसेल असा पुरावा हवा होता. तो १९५२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या पतिपत्नींनी दिला.

त्यांनी एका गोल लाकडी ठोकळ्यावर मखमलीचे कापड ताणून बसवले. साध्या बशीवर, जेथे ना फाज ना औषध, जीवाणू दाट वाढू दिले. मग ती बशी मखमलीवर अलगद दाबली. मखमलीच्या बारीक केसांना जीवाणू चिकटले. आता हा शिक्काच झाला. त्यावर एकामागून एक नव्या बशा दाबल्या. या बशांत स्ट्रेप्टोमायसिन किंवा फाज होता. रबरी शिक्क्याचा ठसा जसा प्रत्येक कागदावर तोच उमटतो, तशी मूळ बशीतील जीवाणूंची मांडणी प्रत्येक बशीवर जागच्या जागी उमटली.

औषधाच्या बशांवर मोजक्याच वसाहती उगवल्या, आणि सर्व बशांवर त्या एकाच जागी उगवल्या. औषधाने प्रत्येक बशीवर नव्याने कोणाला शिकवले असते, तर जागा वेगवेगळ्या असत्या. जागा त्याच, याचा अर्थ मूळ बशीवर त्या ठिकाणी प्रतिकारक जीवाणू आधीपासूनच बसलेले होते.

पुढची पायरी तर याहून सुंदर आहे. मूळ बशीवर त्याच जागेवरचे थोडे जीवाणू उचलायचे, पुन्हा साध्या बशीवर वाढवायचे, पुन्हा ठसे घ्यायचे. असे काही वेळा केल्यावर लेडरबर्ग दांपत्याला पूर्णपणे प्रतिकारक जीवाणूंचा शुद्ध वाण मिळाला. या वाणातील एकाही जीवाणूने किंवा त्याच्या एकाही पूर्वजाने ते औषध कधी पाहिले नव्हते! ज्या औषधाशी सात पिढ्यांत गाठ नाही, त्याची सवय कशी होणार?

जोशुआ लेडरबर्ग यांना जीवाणूंच्या जनुकशास्त्रासाठी १९५८ चे नोबेल मिळाले. लुरिया आणि डेलब्र्युक यांना ते आल्फ्रेड हर्शी यांच्याबरोबर १९६९ साली मिळाले. एस्थर लेडरबर्ग यांना ते मिळाले नाही, म्हणून मखमलीच्या ठशाचा उल्लेख करताना त्यांचे नाव वर्गात आवर्जून घ्यावे.

क्षयाच्या रुग्णाला याचा काय उपयोग?

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयावर प्रथमच खरे औषध मिळाले. ब्रिटनमध्ये त्याची काटेकोर चाचणी झाली आणि निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या काही महिन्यांत रुग्ण झपाट्याने सुधारले. नंतर मात्र अनेकांचा आजार उलटला. त्यांच्या थुंकीतील जंतू आता स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नव्हते.

‘सवय झाली’ असे म्हटले, तर यावर उपाय सुचत नाही. पण लुरियांचा वंशवृक्ष डोळ्यांसमोर आणला, तर सुचतो. रुग्णाच्या फुफ्फुसात क्षयाचे कोट्यवधी जंतू असतात. एवढ्या गर्दीत औषधाला दाद न देणारे काही थोडे आधीपासूनच असणार. एकच औषध दिले, की बाकीचे मरतात आणि या थोड्यांना रान मोकळे मिळते.

आता दोन औषधे एकदम दिली तर? समजा, कोटीतला एक जंतू पहिल्या औषधाला दाद देत नाही आणि कोटीतला एक दुसऱ्याला. दोन्ही बदल योगायोगाने आणि स्वतंत्रपणे होत असतील, तर दोन्हींना दाद न देणारा जंतू कोटी गुणिले कोटींत एक सापडेल. एवढे जंतू एका रुग्णाच्या शरीरात नसतात. म्हणून पहिल्या औषधातून सुटलेल्याला दुसरे मारते आणि दुसऱ्यातून सुटलेल्याला पहिले. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या ब्रिटिश चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पास हे औषध दिले, तेव्हा प्रतिकारक जंतू फार थोड्या रुग्णांत आढळले. मद्रासला १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग संशोधन केंद्राने तर दाखवून दिले, की दोन औषधे घरी राहून नियमित घेतली, तरी गुण रुग्णालयात राहण्याइतकाच येतो.

आजही नव्या क्षयरुग्णाला सुरुवातीला आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे एकदम देतात, ती याच हिशोबाने. हा हिशोब फसतो तो औषधे मध्येच सोडल्याने, किंवा चुकीच्या मात्रेत, एकेक करून दिल्याने. मग एका औषधातून सुटलेले जंतू पुन्हा कोट्यवधी होतात आणि दुसऱ्या औषधासाठी नवी सोडत निघते. मुंबईतील डॉक्टरांनी २०१२ साली, त्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची नोंद केली, तेव्हा जगभर खळबळ उडाली ती उगाच नाही.

शेजाऱ्याकडून उसने

येथवरची गोष्ट वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वारशाची झाली. जीवाणूंच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. १९४६ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, जोशुआ लेडरबर्ग यांनी एडवर्ड टेटम यांच्याबरोबर असे दाखवले, की ई. कोलाय जीवाणू एकमेकांना जनुके देतात. त्यांनी दोन वाण घेतले. एकाला काही पोषकद्रव्ये स्वतः बनवता येत नव्हती, दुसऱ्याला वेगळी काही. दोन्ही एकत्र वाढवल्यावर साधारण कोटीत एक असा जीवाणू निघाला, जो सगळीच द्रव्ये बनवू शकत होता. जीवाणू नुसते दुभंगत नाहीत, त्यांच्यात देवाणघेवाणही होते, हे सिद्ध झाले.

हे ज्ञान प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. युद्धानंतर जपानमध्ये हगवणीवर सल्फा, मग स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशी औषधे मोठ्या प्रमाणात वापरली गेली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका रुग्णात हगवणीचे असे जंतू सापडले, जे या चारही औषधांना दाद देत नव्हते. नंतर असे जंतू वाढतच गेले. वर पाहिलेल्या हिशोबाने चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जीवाणूत येणे जवळजवळ अशक्य. मग हे कसे झाले? १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले, की चारही औषधांविरुद्धचा प्रतिकार एकदमच आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलायकडून हगवणीच्या जंतूकडे सरळ जाऊ शकतो. ही जनुके एकाच लहानशा वर्तुळाकार डीएनएवर असू शकतात. अशा वर्तुळांना प्लाझ्मिड म्हणतात.

याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. सर्दी विषाणूमुळे होते. त्यावर प्रतिजैविकाचा काही परिणाम होत नाही. तरीही ते घेतले, तर पोटातील असंख्य निरुपद्रवी जीवाणूंपैकी दाद देणारे मरतात आणि न देणारे उरतात. उद्या एखादा रोगजंतू पोटात आला, तर त्याला लागणारे जनुक शेजारीच तयार असते.

एक प्रामाणिक पुस्ती

‘सवय’ हा शब्द पूर्णपणे मोडीत काढावा का? थोडी सावधगिरी बाळगायला हवी. परिस्थितीप्रमाणे जीवाणू आपली काही जनुके चालू-बंद करतात. परिस्थिती पालटली की पुन्हा पूर्ववत होतात. हिन्शेलवुड यांना दिसलेले काही बदल या प्रकारचे असू शकतात. संकटात सापडलेल्या जीवाणूंत उत्परिवर्तनांचा वेग वाढू शकतो, हेही आता माहीत आहे. मात्र ती हवी तीच होतात असे नाही.

आणि एक खरा अपवादही आहे. २००७ साली, दही लावण्यासाठी उद्योगात वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूत असे आढळले, की हल्ला करणाऱ्या फाजच्या डीएनएचा तुकडा कापून तो आपल्या गुणसूत्रात साठवून ठेवतो. पुढच्या वेळी तोच फाज आला, की त्या नोंदीवरून त्याला ओळखून कापतो. ही नोंद मुलाबाळांनाही मिळते. क्रिस्पर नावाने आज प्रसिद्ध असलेली हीच ती यंत्रणा. लुरियांच्या जीवाणूंनी फाजला दाद दिली नाही ती या मार्गाने नव्हे. शिवाय ही यंत्रणा ओळखते ते परके जनुकद्रव्य. औषधाचा रेणू तिच्या नोंदवहीत बसत नाही. त्यामुळे औषधांपुरता १९४३ चा निवाडा कायम आहे.

वर्गात करून पाहू

फाज आणि ई. कोलाय शाळेत आणण्याची गरज नाही. लुडोचे दोन फासे आणि कोरे कागद पुरतात. प्रत्येक विद्यार्थ्याने एका पेशीपासून चार पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा: १, २, ४, ८, १६. प्रत्येक नवी पेशी काढताना दोन्ही फासे टाकावेत. दोन्हींवर सहा आले, तर ती पेशी रंगवावी आणि तिची पुढची सर्व संतती फासे न टाकता रंगवावी. शेवटच्या १६ पैकी रंगीत किती, ते मोजावे. हा झाला ‘आधीच बदल’ खेळ.

दुसऱ्या खेळात वंशवृक्ष फासे न टाकता काढावा. शेवटच्या १६ पेशींसाठीच प्रत्येकी एकदा फासे टाकावेत आणि बेरीज पाच आली, तर ती पेशी रंगवावी. दोन सहा पडण्याची शक्यता ३६ त एक आणि बेरीज पाच येण्याची ३६ त चार असल्याने दोन्ही खेळांची सरासरी जवळजवळ सारखीच, पावणेदोनच्या आसपास, येते.

पण सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले, की फरक उघड होतो. चाळीस जणांच्या वर्गात पहिल्या खेळात साधारण सतरा जणांना शून्य मिळेल आणि दोघा-तिघांना आठ किंवा जास्त. दुसऱ्या खेळात शून्ये पाच-सहाच असतील आणि आठ बहुधा कोणालाच मिळणार नाही. वर दिलेले १९४३ चे वीस आकडे मग त्याच फळ्यावर लिहावेत आणि ते कोणत्या खेळासारखे दिसतात हे मुलांना विचारावे. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.

शेवटी घरून रिकामी औषधाची पाकिटे आणायला सांगावीत. काही पाकिटांवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ. रेघ दाखवताना ‘नाहीतर जंतूंना सवय होईल’ असे म्हणण्याऐवजी ‘नाहीतर दाद न देणारे जंतू तेवढे उरतील’ असे म्हणावे. वाक्य थोडे लांबते, पण डॉक्टरांनी सांगितलेले औषध, सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेली मुदत का घ्यायचे, हे मुलांना त्यातूनच उमगते.